सुतासुताने

बाबांनी बंदूक कधी धरली नव्हती.
वागळे इस्टेटला एकतीस वर्षं लेथवर काढली.
बोरिंग बार फार बाहेर काढला की कसा रडतो
आणि जॉबवर मांदेलीच्या अंगासारखी
खवलं कशी उमटतात,
ते मात्र त्यांना झोपेतही कळायचं.

म्हणून येऊरच्या पायथ्याशी, क्लबच्या रेंजवर
मी रडकुंडीला येऊन कागद पुढे धरला,
पन्नास मीटरवरची पाच भोकं,
पाची सुना वेगळ्या निघालेल्या,
तेव्हा त्यांनी भोकांकडे पाहिलंही नाही.
रिकाम्या रायफलच्या नळीवर नख मारलं,
कान जवळ नेला.
म्हणाले, "गाते ही."

परेरा सर म्हणाले, क्लबची वस्तू आहे,
घासायची नाही, भोक पाडायचं नाही,
काही चिकटवायचं नाही.
बाकी बांधा काय बांधायचं ते.

मग आम्ही बांधत सुटलो.
सायकलच्या ट्यूबची पट्टी.
कुकरची फाटकी रिंग
(आई अजून विचारते, गेली कुठे).
दर वेळी पाच गोळ्या, दर वेळी नवा कागद,
आणि कागदामागे बाबांचं पेन्सिलीतलं अक्षर:
"ट्यूब, तीन वेढे. वाईट."
"रिंग, टोकापासून दोन इंच. बरं."
"तीच रिंग, दुपारी. पुन्हा वाईट."

चेंदणीहून दिगूकाकाने जुन्या पागाची शिसं दिली.
खाडीत पाग टाकून आता पिशव्याच येतात वर,
म्हणाला, ने, तुझ्या तरी कामाला येतील.
बारा शिसं, एका दोऱ्यात,
खाऱ्या पाण्याचा पांढुरका थर तसाच.
ट्यूबवर बसवली, वरून सुतळी.
एक सूत पुढे. पाच गोळ्या.
एक सूत मागे. पाच गोळ्या.

"मारून टाकायला जाऊ नकोस तिला," बाबा म्हणाले,
"थरथर मरत नाही, दुसरीकडून निघते.
झोपाळा बघ.
टोकाला गेला की क्षणभर
ना पुढे, ना मागे.
गोळीनं तेव्हा घर सोडायचं.
आपण फक्त झोपाळ्यावर वजन कुठे बसवायचं ते बघायचं."

सहाव्या रविवारी पाचही भोकं
जुन्या चार आण्याखाली झाकली गेली.
परेरा सरांनी चष्मा वर केला, म्हणाले, हं.
त्यांचं हं म्हणजे पेढे.
जिल्ह्याच्या स्पर्धेत मी नववी आले.
त्याचा इथे संबंध नाही, पण सांगून टाकते.

दिवाळीनंतर बाबांचा उजवा हात
आपलं आपण काहीतरी बोलू लागला.
चहाचा ग्लास बशीत बसेना.
नौपाड्याच्या बँकेत सही जुळेना:
हरेश्वर मधल्या ह ला शेपूट फुटलं,
तांडेल मधला ड वाहत ल पर्यंत गेला.
"काका, कार्डावर आहे तशी करा," क्लार्क म्हणाला.
तशी करणारा माणूस कार्डावरच राहिला होता.

माझ्या रेंजच्या बॅगेत ट्यूब होती, शिसं होती.
लोखंडी बाकावर बसून
मी ती बाबांच्या मनगटाला बांधली.
मागे टोकन नंबर बोलत होते.
पैसे काढायच्या स्लिपा पालथ्या घातल्या,
त्यांनी सह्या केल्या, मी कोपऱ्यात लिहीत गेले:
"सहा शिसं, मनगटावर. वाईट."
"आठ. बरं."
"आठ, एक सूत कोपराकडे."

ही स्लिप घेऊन खिडकीवर गेलो.
बाबांनी पेन टेकवलं आणि थांबले.
मी सवयीने अर्धा श्वास सोडला,
अर्धा धरून ठेवला.

शेपूट आलंच, आखूड.
क्लार्कने कार्ड जवळ नेलं, मग लांब धरलं.
"हाताला काय बांधलंय काका?"
"नळी गाते," बाबा म्हणाले
आणि माझ्याकडे वळून
डाव्या हाताची दोन बोटं जवळ आणून दाखवली:
अजून एक सूत.