हातउसनं

डेन्झिलनं हा पाइप जोडला तेव्हा खर्च आला सत्तावीस पौंड.
दुकानात तोच दीडशेला.
दोन जुने पितळी क्लॅम्प,
मधे हायड्रॉलिकचा होस, तो मात्र कोरा
(तिथं त्यानं कंजूषपणा केला नाही),
तडा गेलेल्या काचेचा गेज,
आणि उरलेली हवा सोडायला एक स्क्रू.
तो मी लेथवर कातला.
त्याच्या आट्यांवर माझा अजून जीव आहे.

पोर्थलेवनच्या धक्क्यामागं त्याचं गॅरेज.
भिंतीला खेकड्यांचे पिंजरे, डिझेलचा वास,
एक खुर्ची, तिच्यावर फक्त मांजर बसायचं.
आम्ही दोघं उभे, मधे दोन टाक्या,
मोठी बारा लिटरची, लहान तीन.

"मोठी उघड. आता लहान. दमानं."
दमानं हा शब्द मीच त्याला दिलेला.
सांगितलं होतं, आमच्यात श्वासाला दम, धीराला दम,
धमकीलासुद्धा दमच.
तो हसला, हसता हसता खोकला आला.
म्हटलं, त्यालापण. दमा.

कुकरची शिट्टी व्हायच्या आधी
जो बारीक सुस्कारा येतो, आवाज तेवढाच हवा.
घाई केली की लहान टाकी तापते,
गेज खोटं बोलतो, थंड झाल्यावर कळतं
आपल्याला मिळालं त्याहून कमी.
हात ठेवून बघायचं,
आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

दोन्हीकडे दाब सारखा झाला
की आवाज आपोआप थांबतो.
मग रात्रभर उघडं ठेवा, काटा हलत नाही.

माझं काम फार खोलातलं नाही.
बोटीच्या पंख्यात जाळं गुरफटतं, दोर गुरफटतो,
दोन पुरुष पाण्यात जाऊन कापायचा.
दहा-बारा मिनिटं. तीन लिटर पुरतात.
डेन्झिलचा एकच नियम:
शेवटचे पन्नास आपले नाहीत.
काटा पन्नासवर आला की वर यायचं,
दोर निम्मा राहिला तरी.

फेब्रुवारीत तो गेला.
त्याच्या बहिणीनं, लव्हडेनं, मोठी टाकी माझ्या दारात आणून ठेवली.
"हिच्यात काहीतरी आहे अजून," म्हणाली, "मला त्यातलं कळत नाही."
चिकटपट्टीवर त्याचं अक्षर, कलतं:
नऊ ऑक्टोबर. दोनशे तीस.

पहिल्यांदा जोडली तेव्हा दोन्ही थांबल्या एकशे चौऱ्याण्णववर.
मग एकशे पासष्ट. मग एकशे बेचाळीस.
गॅरेजच्या दारावर खडूनं लिहीत गेलो,
दूधवाल्याचा हिशेब लिहावा तसा.
दर खेपेला ती थोडं कमी देते.
मी पन्नास घेऊन परत येतो,
म्हणून तीही पन्नासच्या खाली जाऊ शकत नाही.
कागदावर दहादा मांडून पाहिलं.
जवळ जवळ जाते, पोचत नाही.

फॅलमथला सात पौंडांत टाकी भरून मिळते.
लव्हडेनं विचारलं, मग हा खटाटोप कशाला?
मी म्हटलं, पेट्रोल वाचतं.

जूनमध्ये टाकीची तपासणी आहे.
तो माणूस आधी सगळी हवा सोडून देईल,
मग आत दिवा घालून गंज बघेल.
ते बरोबरच आहे. व्हायलाच हवं.

आज मॉर्वेनाच्या पंख्यात निळा दोर.
कप्तान वरून ओरडतोय, भरती उतरायला लागली.
मी तोंडात घेतो ती हवा:
ना डिझेल, ना मांजर,
फिल्टरनं सगळं काढून घेतलेलं.
कोरडी. बेचव. ऑक्टोबरची.

सुरी चालते.
सोडलेला श्वास वर जातो
आणि बोटीच्या बुडाला अडकतो,
पाऱ्याच्या थेंबांसारखा, एकमेकांत मिसळत, चकाकत.
काटा साठवर आहे.
दोर सुटलाय. मी उगीच
अजून थोडा वेळ खाली.