मान कलती करून

चोडणच्या बांधावर, मानशीच्या दाराशी,
इनासमाम म्हापशाच्या बाजारातला काळा चष्मा लावून
मान डावीकडे कलती करतो.
पाण्यावरची चकाकी विझते. आत शेवटे दिसतात.
"सरळ बघणाऱ्याला," तो म्हणतो, "नुसतं ऊन दिसतं."

माझ्या लॅपटॉपमध्ये एक कृष्णविवर आहे,
शेजारच्या ताऱ्याला ओरबाडून खाणारं.
त्याच्याकडून आलेला क्ष-किरणांचा एकेक कण
दुर्बिणीतल्या वायूत ओरखडा काढतो
केसाहून बारीक, आणि संपतो.
ओरखड्याची दिशा, तेवढीच माझी.

चार दिवसांचे ओरखडे एकत्र केले: शून्य.
उभ्यांनी आडव्यांना खाल्लं, आडव्यांनी उभ्यांना.
सेकंदाचे तुकडे पाडले, तर एकेकात
इन मीन नऊ कण.
नऊ जणांच्या साक्षीवर कसं म्हणू
की तिथं भोवऱ्यासारखं काही डोलतंय?

रात्री रायबंदरची शेवटची फेरीबोट गेली.
पाणी ओसरू लागलं, मानशीचं दार आपसूक उघडलं,
जाळ्याचं तोंड ताठ झालं.
"एका सुकतीनं काय कळतं?" इनासमामनं विडी पेटवली.
"चाळीस वर्षांच्या सुकत्या
एकीवर एक ठेवल्यात मी."

घरी येऊन उजेडाचे हेलकावे वेगळे काढले,
अकरा हजार,
चढावर चढ, उतारावर उतार नीट बसवत.
पहाटे तीनला कोन
वीस अंशांनी कलला. परत आला.

आकडेच हलले असतील कदाचित.
इतक्यात कुणाला कळवणार नाही.
पण खुर्चीत एकटीच बसून
मी मान डावीकडे कलती केली.