उन्हात वायपर

पाथर्डी फाट्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटांमधल्या रस्त्यावर
मी त्यांना पहिल्यांदा क्लच सोडायला शिकवलं.
पांढरी वॅगन आर, माझ्या पायाखाली जास्तीचा ब्रेक,
मागच्या काचेवर ‘गायधनी मोटार ट्रेनिंग’,
त्यातला ‘ट्रे’ दोन वर्षांपूर्वीच उडालेला.

इंग्रजीचा क्लास कॉलेज रोडला, गाडी माझ्याकडे,
असा त्या सगळ्यांचा परदेशी जायचा रस्ता.
इंग्रजी एकच असतं, असं त्यांना तिकडे सांगितलेलं.
बाजू डावी, असं मी.
दोन्ही पुरलं नाही.

पहिला फोन अनुप क्षेमकल्याणीचा, टेक्ससहून:
मॅडम, वळायला गेलो की वायपर चालू होतात.
बेचाळीस डिग्री, ढगाचा पत्ता नाही,
आणि मी काच पुसत वळतोय.
लाल दिवा असताना उजवीकडे वळतो म्हणाला,
थांबून, बघून, कायद्यानं.
माझा पाय इकडे ब्रेकवर गेला.
एका घरी त्याला चहा विचारला.
तो ‘नको’ म्हणाला, पहिल्यांदा म्हणतात तसं.
त्यांनी ते खरं मानलं.
रात्री नऊपर्यंत बसला, कोरडा.

जॉयस भालेराव, शरणपूरची, लीड्सला नर्स.
तिथं बाजू आपलीच, पण दांड्या उलट्या,
म्हणजे वायपर तिलाही चुकले नाहीत.
‘टी’ला ये म्हणाले म्हणून वरणभात खाऊन गेली,
तर समोर बटाटे, सॉसेज, वर ग्रेव्ही.
उत्तरेकडे रात्रीच्या जेवणालाच चहा म्हणतात, मॅडम,
आणि चहालाही चहाच.

कुंदन बोरस्ते द्राक्षं नको म्हणून पिंपळगाव सोडून गेला
आणि ॲडलेडला द्राक्षातच पडला.
पहिल्या शुक्रवारी बारमध्ये मुकादम म्हणाला, माय शाउट.
हा दचकून बसला, आता ओरडणार म्हणून.
आले ते पाच ग्लास.
पुढच्या शुक्रवारी सगळे त्याच्याकडे बघू लागले
तेव्हा त्याला कळलं, ओरडायची पाळी फिरते.

हॉर्नचं मात्र मला लागलं.
तिकडे ती शिवी आहे म्हणे.
मी शिकवला होता ‘आले हं’ म्हणून,
वळणावर, बैलगाडीपाशी, शाळा सुटताना.

आणि तबस्सुम. कॅनडातल्या कुठल्याशा गावात
चौकात चार बाजूंनी चार गाड्या येतात.
सिग्नल नाही, पोलीस नाही. चौघं थांबतात.
जो आधी आला तो आधी जातो.
मी विचारलं, आधी कोण आला हे कोण ठरवतं?
ती म्हणाली, सगळ्यांना माहीत असतं.
मी तेव्हा द्वारका सर्कलला अडकलेली.
बराच वेळ काही बोलले नाही.
बोलले असते तरी तिला ऐकू गेलं नसतं.

निनाद आव्हाडचा फोन सगळ्यात उशिरा आला, आयर्लंडहून.
इथं तीनदा विचारतात, मॅडम.
दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा कप हातात.
सिन्नरच आहे, फक्त थंडी जास्त.
आणि अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली
की स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात.
ओळख नाही, काही नाही.
एवढंच, एक बोट.

काल पेठ रोडला नवी मुलगी शिकवत होते,
हात घट्ट, खांदे कानापर्यंत.
तिला म्हटलं, बाजूला घे, जरा मी दाखवते.
समोरून ट्रॅक्टर आला, मागे क्रेटची थप्पी.
मी बोट उचललं.

तो करकचून थांबला.
काच खाली करायला लावून म्हणाला,
काय मॅडम, रस्ता चुकला का?
मी म्हटलं, नाही हो, सहजच.
सहज म्हणजे?
मागे तीन गाड्या हॉर्न देऊ लागल्या, आले हं, आले हं.
तो खाली उतरला,
क्रेटमधून एक घड काढून मुलीच्या मांडीवर ठेवला,
आणि जाताना, नीट जमेना म्हणून,
अख्खा हात वर केला.