सूतभर

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीत, जिन्याखालच्या ऑफिसात
मी माणसांची उत्पन्नं भरते.
जुलैत तर मान वर करायला फुरसत नसते.
कुणाचं गुऱ्हाळ, कुणाचं मेडिकल,
कुणाचं चप्पल लाइनमधलं आठ फुटी दुकान,
वर्षभराचा घाम
स्क्रीनवरच्या एका चौकोनात मावतो.

पुरुष मला आकड्यांनी आठवतात.
परवा महाद्वार रोडला एकजण बायकोला सांगत होता,
यंदा नाही गं परवडत.
मी पर्समध्ये काहीतरी शोधत पुढे गेले.
अकरा लाख चाळीस हजार.

म्हणून आईनं विचारलं, "किती मिळत्यात त्याला?"
तेव्हा मला आठवावं लागलं नाही.
इंद्रजितचं रिटर्न मीच भरलंय.
उद्यमनगरात पॅटर्न करतो तो, सागवानी,
पंपाचे, व्हॉल्व्हचे.
त्यावरून वाळूत साचा उठतो, साच्यात लोखंड ओततात
आणि लाकूड परत फळीवर जाऊन बसतं.
दोन लाख शहाण्णव हजार. कर शून्य.

फ्रीजवर बायोडाटे होतेच.
बाणेरला फ्लॅट, चोवीसचं पॅकेज, निर्व्यसनी.
माझंही भाषण तयार होतं:
पैशानं काय होतंय, माणूस बघावा, वगैरे.
आई साडीला फॉल लावत होती.

"तुझ्या बापाचा पगार मला तो गेल्यावर कळाला.
पेन्शनच्या कागदावर.
सव्वीस वर्षं भाजीला मागायचो, मोजून द्यायचा,
उरलेली चिल्लर परत.
वंगाळ नव्हता माणूस.
पण मी कधी इचारलो न्हाई, त्यानं कधी सांगितलं न्हाई."

भाषण तिथंच राहिलं.

रविवारी गंगावेशीत, म्हशींच्या शेजारी उभं राहून
मी इंद्रजितला म्हटलं, पासबुक दाखव.
"तूच तर भरलंयस सगळं."
ते सरकारला. मला दाखव.
मग निघालं एकेक:
बँडसॉचा हप्ता, तालमीची वर्गणी,
आतेभावाचे चाळीस हजार,
जे कुठल्याच फॉर्मात नव्हते.
मीही माझं सांगितलं. साडेएकोणीस पगार,
आणि पतसंस्थेतलं ते खातं, आईलाही माहीत नसलेलं.

आकडा लागतो. खोटं कशाला बोलू?
पंचवीस तारखेनंतर भिंतीपलीकडून
आवाज कसे चढतात, ते ऐकतच मी मोठी झाले.
पण चोवीस लाख कुणाच्या खिशात
कुलूप लावून बसणार आहेत,
हे बायोडाट्यात कुठं लिहितात?

तो ग्लासाच्या काठावरचा फेस पुसत म्हणाला,
"लोखंड निवताना आकसतं.
म्हणून पॅटर्न सूतभर मोठा धरायचा,
नाहीतर माल रिजेक्ट."
पैशाबद्दल बोलत होता की कामाबद्दल, कळलं नाही.
त्यालाही कळलं नसावं.
दुधाचे ऐंशी झाले. त्यानं पन्नास काढले, मी तीस.

घरी आले तर आई जागीच.
"दाखवलं?"
व्हय.
"सगळं?"
उधारीसकट.
तिनं चष्मा वर सरकवला.
"परत सांग बघू, किती?"
तीन लाखाला चार हजार कमी.

"कमीच हाय," आई म्हणाली,
आणि दातानं दोरा तोडला.