स्टेडी

लांब शाफ्ट लेथवर चढवला की मधे झोल खातो,
दोन्ही टोकं धरलेली असली तरी.
म्हणून मधोमध स्टेडी लावायची.
तीन बोटांची लोखंडी कडी,
शाफ्टला नुसती टेकून राहते,
कापत नाही, फिरत नाही,
आणि काम बिघडलं तर पहिला संशय तिच्यावर.

माझे आजोबा, सत्याप्पा नाईक, इनामदारांची स्टेडी होते.

याच माळावर. आता आमच्या शेडचा पत्रा तापतो
तिथं तेव्हा गुडघाभर कुसळी गवत,
आणि हातकणंगल्यापर्यंत नजरेला अडवणारं काही नाही.
झाड नाही, बांध नाही, टेकायला धोंडासुद्धा नाही.
काळवीट तीनशे पावलांवर, रायफल जड,
इनामदारांचा हात साठीचा.
मग आजोबांनी पुढं होऊन पाठमोरं उकिडवं बसायचं,
उजव्या खांद्यावर घोंगड्याची चौपदरी घडी,
घडीवर नळी.

"नळी टेकली की मी माणूस न्हाई," ते सांगायचे,
"मी धोंडा. धोंड्याला खाज सुटत न्हाई."
एकदा मुंगळा पोटरीवरनं मांडीपर्यंत गेला,
थांबला, चावला.
धोंड्यानं चावू दिलं.

श्वासाचं काम त्याहून अवघड.
मागून इनामदारांचा दम मानेवर यायचा, वेलदोड्याच्या वासाचा.
तो अर्धा सुटून थांबला की आपलाही तिथंच थांबवायचा.
छाती ऐकते. काळीज ऐकत नाही,
आणि ते म्हणे नळीच्या टोकाला दिसतं,
ठोक्याठोक्याला माशी वर-खाली.
दोन ठोक्यांच्या मधे जी फट राहते
तिच्यातनं गोळी जायची.

त्या फटीतनं तेवीस काळविटं गेली.
आणि आजोबांचा उजवा कान.
आम्ही सगळे त्यांच्या डावीकडं जेवायला बसायचो,
उजवीकडं नुसता तांब्या.
शिकारीमागं मागची एक तंगडी मिळायची, वर रिकामं काडतूस.
काडतुसात थोरली आत्या सुया ठेवायची.

चोविसावं.
मार्गशीर्षातली सकाळ, वारा पन्हाळ्याकडचा.
एकटंच होतं, शिंगांना पाच पीळ,
गवतातनं मान काढून सरळ आजोबांकडं बघत.
इनामदार तर त्यांच्या पाठीमागं झाकलेले.
म्हणजे अख्ख्या माळावर त्याला दिसत होता
एकच माणूस.
मागचा श्वास अर्धा सुटला, थांबला.
आजोबांनी घेतला.

एवढंच. खांदा बोटभर वर.
गोळी तरवडाच्या पिवळ्या फुलोऱ्यातनं गेली,
टिटव्यांनी माळ डोक्यावर घेतला,
आणि चार उड्यांत ते
पाठीवरचं काळं घेऊन दिसेनासं झालं.

इनामदार बोलले नाहीत.
घोंगड्याची घडी स्वतःच्या हातानं उचलली, झटकली.
पुढच्या खेपेला खांद्याला धुळाप्पाचा पोरगा नेला.
आजोबा इचलकरंजीला मागावर लागले,
त्या खडखडाटात म्हणे एक कान पुरतो.

दहावीच्या सुट्टीत मी विचारलं, मुद्दाम?
"शिंक आलती."
पुढच्या वर्षी परत विचारलं.
"मुंगळा."
शेवटच्या आजारपणात मी न कळत उजवीकडं बसून विचारलं.
ते त्या बाजूला बराच वेळ बघत राहिले,
मग म्हणाले, "जेवलास न्हवं?"

आज अडीच मीटरचा शाफ्ट आहे, साखर कारखान्याचा.
स्टेडीची बोटं आवळली, तेलाचे दोन थेंब सोडले.
टूल टेकवायच्या आधी
माझा श्वास आपोआप अर्धा सुटून थांबतो.
मशीनला त्याची काही गरज नसते.
मोरबाळे सुपरवायझर लांबनं बघून हसतो,
"लगा, फोटो काढाय लागलाईस का काय?"

कंपाउंडच्या तारेत कुसळं अडकलीत.
मी श्वास घेतो.
काही हलत नाही.