रॉकेलवर तरंगलेलं

वेस्टहेच्या चरातला काळा चिखल
हेस्टर पॅडफिल्ड शेडमध्ये चाळते,
वरून रॉकेल ओतते.
काड्या बहुतेक बुडतात. किडे वर येतात.

"बघ," म्हणते.
भिंगाखाली तांदळाच्या कणीएवढं पंखाचं कवच,
चार हजार वर्षं अंधारात,
आणि हिरवा रंग उतरलेला नाही.

हा बोरू खायचा, लिहायचा नाही,
तरी लिहून गेला:
इथे गुडघाभर पाणी.

तीन बोटं वरच्या थरात
शेणकिड्याचं डोकं.
म्हणजे पाणी हटलं, गाय आली,
गायीमागून कुणीतरी हाळी देत आलं असणार.

हाळी कुठल्याच चाळणीत राहत नाही.

हेस्टर दोनदा हात धुते. वास तसाच.

मी गाडीकडे निघते, कुरणातून,
शेण चुकवत.
एका पोवट्यात
काहीतरी हलतंय.