तेल सरलें

चरईत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर
तीन वर्षं मी लखमाबावाच्या ओव्या लावते आहे.
मला दोनच पाठ : एक दुखते, एक जुळत नाही.

क म्हणजे कळव्याची पोथी, ख खारेगावची,
घ घणसोलीची, खाडीच्या ओलीने फुगलेली.
मधली ग वाळवीने खाल्ली.
तक्त्यात तिचं घर रिकामं ठेवलंय,
पंगतीला न आलेल्याचं पान मांडावं तसं.

दोनशे अकराव्या ओवीचं शेवटचं चरण
पंचक्रोशीला तोंडपाठ :
‘तेल सरलें, उरलें उद्यां.’
यावर निरूपणं झाली. तेल म्हणजे आयुष्य,
उद्या म्हणजे पुढचा जन्म.
एम.ए.ला मीही तेच लिहून नऊ गुण मिळवले.

मंगळवारी क खिडकीपाशी तिरकी धरली.
चरण ओवीत नव्हतंच.
समासात होतं, आडवं. हात तोच,
शाई पाणी घालून वाढवलेली.
दिवा विझत आलेल्या कुणा लेखकूचा
स्वतःलाच निरोप.
खारेगावकराने तो उचलून ओवीत बसवला,
घणसोलीकराने पुढे दोन दंड ओढून कायम केला.
आणि बावाचं मूळ चरण?
तिथे कसरीचं भोक.
त्यातून माझंच बोट दिसतं.

चेंदणीहून हिराजी वैतींचा फोन :
‘बाय, ती ओल काढू नको.
तिच्यावर तं आमी टाल थांबवतो. पेटी पन.’
म्हटलं, ती बावाची नाही.
‘मंग कोनाची?’
नाव नाही, गाव नाही.
‘तेल सरला व्हता ना त्याचा?’
हो.
‘मंग झाला तं.’

काल प्रुफं आली.
चौथ्या चरणाच्या जागी चार टिंबं,
चरण खाली, तळटीप एकशे बारा, आठ पॉइंटात :
‘क : समासात. ख, घ : प्रक्षेप.’
‘प्रक्षेप’ खोडलं. ‘भर’ लिहिलं, तेही खोडलं.
‘लेखकूचे’ एवढंच ठेवलं.
संपादक-मंडळ विचारील, हा काय शेरा झाला?

साडेनऊ वाजले. खाली दवाखान्याचं शटर पडलं.
प्रुफाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं :
पाठ धरली, बाकी उद्या.

हे खोडायला हवं,
फायनलला जायच्या आधी.